देवळालीची शाळा आणि घटनेतला एक शब्द

नाशिक आणि भारतीय राज्यघटना यांचा संबंध काढला, की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम काळाराम मंदिर उभे राहते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला, आणि तरीही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा त्यानंतरची. या दोन तारखा नाशिककरांना पाठ असतात. याच जिल्ह्यातली तिसरी एक तारीख मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. मलाही ती बरीच वर्षे ठाऊक नव्हती. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांविषयीचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल क्रमाने वाचत असताना एका जुन्या निकालपत्राच्या सुरुवातीलाच ‘देवळाली, नाशिक जिल्हा’ असे शब्द दिसले आणि मी थांबलो. निकालाची तारीख होती २६ मे १९५४. खटला होता मुंबई राज्य विरुद्ध बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. वाद होता देवळालीच्या बार्न्स हायस्कूलमध्ये कोणाच्या मुलांना प्रवेश मिळावा याचा.

घटनेच्या अनुच्छेद २९ आणि ३० यांवर पुढे जे शेकडो निकाल झाले, त्यांच्या मुळाशी असलेल्या मोजक्या निकालांपैकी हा एक. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो दोन ओळींत शिकवला जातो. त्याची गोष्ट त्याहून मोठी आहे आणि आजच्या मराठी माणसाशी तिचा संबंध आहे, असे मला वाटते. म्हणून ती सविस्तर सांगतो.

शाळा आणि समाज

बॉम्बे एज्युकेशन सोसायटी ही संस्था १८१५ सालची. आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी ती मुंबईत सुरू केली. युरोपीय वंशाच्या गरीब आणि अनाथ मुलांचे शिक्षण हा तिचा मूळ हेतू. शंभरेक वर्षांनी मुंबईच्या गर्दीतून बाहेर पडून संस्थेने देवळालीच्या मोकळ्या हवेत निवासी शाळा उभारली. ती १९२५ साली सुरू झाली आणि तिला संस्थापकाचे नाव मिळाले.

देवळाली हे ठिकाण अशा शाळेला सोयीचे होते. लष्कराची छावणी जवळ, रेल्वे जवळ. अँग्लो-इंडियन समाजाचे मोठे आधार हेच दोन होते. इगतपुरी, मनमाड, भुसावळ या रेल्वेच्या गावांत ड्रायव्हर, गार्ड, फोरमन म्हणून काम करणारी अँग्लो-इंडियन कुटुंबे रेल्वेच्या वसाहतींत राहत. त्यांची घरची भाषा इंग्रजी. ती त्यांना साहेबी थाटासाठी नको होती. त्यांची आई मुलाला अंगाई गायची ती त्याच भाषेत. ब्रिटिश निघून गेल्यावर या समाजापुढे सरळ प्रश्न होता. राज्यकर्ते त्यांना कधी आपले मानत नव्हते, आणि इतर भारतीय त्यांना राज्यकर्त्यांचे मानत आले होते. आता राहायचे कोणाचे होऊन?

घटनेने त्यांना काही तात्पुरते आधार दिले. अनुच्छेद ३३१ नुसार लोकसभेत त्यांचे दोन प्रतिनिधी नामनिर्देशित करता येत. ही तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. अनुच्छेद ३३७ त्यांच्या शाळांच्या अनुदानाविषयीचा होता. ३१ मार्च १९४८ ला संपलेल्या वर्षात जेवढे अनुदान होते, तेवढे पहिली तीन वर्षे मिळेल, नंतर दर तीन वर्षांनी ते दहा टक्के कमी करता येईल आणि दहा वर्षांनी ही खास सोय बंद होईल. मात्र या अनुदानाला एक अट होती. वर्षाच्या प्रवेशांपैकी निदान चाळीस टक्के जागा अँग्लो-इंडियन नसलेल्या मुलांसाठी खुल्या ठेवल्या पाहिजेत, तरच अनुदान मिळेल.

ही अट मला घटनेतल्या सर्वांत शहाण्या अटींपैकी एक वाटते. तुमची शाळा टिकवायला देश पैसा देईल, पण शाळेचे दार शेजाऱ्याच्या मुलाला उघडे ठेवा, असा तो व्यवहार होता. बार्न्स हायस्कूलने तो पाळला होता. निकालपत्रात नोंद आहे की डिसेंबर १९५३ मध्ये शाळेत ४१५ विद्यार्थी होते आणि त्यांतले २१२ अँग्लो-इंडियन होते. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले बाहेरच्या समाजांची होती.

सहा जानेवारीचा आदेश

१९५४ च्या आरंभी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. शिक्षण मातृभाषेतून व्हावे, इंग्रजीचे स्तोम कमी व्हावे, राष्ट्रभाषा म्हणून हिंदीचा प्रसार व्हावा, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची मनापासूनची भूमिका होती. तिच्यात गैर काही नव्हते. आजही आपल्यापैकी कितीतरी जण तिच्याशी सहमत होतील. मीही आहे. पण ही भूमिका अमलात आणण्यासाठी सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी जो आदेश काढला, तो विलक्षण होता. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशाच नागरिकांच्या मुलांना यापुढे त्या वर्गांत प्रवेश द्यावा, असे त्यात म्हटले होते. आणि अशांची व्याख्याही दिली होती. ते म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक.

वरवर पाहता या आदेशाने अँग्लो-इंडियनांचे काहीच काढून घेतले नव्हते. त्यांची शाळा, त्यांची भाषा, त्यांची मुले, सगळे जागच्या जागी. सरकार त्यांना जणू सांगत होते की तुमची भाषा तुम्हाला लखलाभ, फक्त ती तुमच्यापुरती ठेवा. पण या औदार्यात दोन खाचा होत्या.

पहिली खाच पैशाची. इतरांची मुले घेतली नाहीत, तर अनुच्छेद ३३७ ची चाळीस टक्क्यांची अट मोडणार आणि अनुदान जाणार. घेतली, तर सरकारचा आदेश मोडणार. निम्मे विद्यार्थी आणि त्यांची फी गमावून एवढ्याशा समाजाची शाळा किती वर्षे चालली असती?

दुसरी खाच अधिक खोल होती. आदेश भाषेविषयी बोलत होता आणि वंश मोजत होता. घटनेच्या अनुच्छेद ३६६ नुसार अँग्लो-इंडियन ठरायला बापाच्या बाजूने युरोपीय पूर्वज लागतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात इंग्रजी बोलणारे, पण युरोपीय आजोबा नसलेले भारतीय ख्रिस्ती कुटुंब या आदेशाने बाहेर पडत होते. मुलाला दाराशी थांबवून त्याचे आजोबा विचारायचे, हे स्वतंत्र भारतातल्या शासनाच्या आदेशात होते. आदेश काढणाऱ्यांच्या मनात तसे नसेलही. कागदावर मात्र तसे उतरले होते.

दोन बाप

हा खटला एकट्या संस्थेने लढवला नाही, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. संस्थेबरोबर पालकही न्यायालयात गेले. एक होते भारतीय ख्रिस्ती समाजातले लष्करी अधिकारी, ज्यांची मातृभाषा इंग्रजी होती. दुसरे होते गुजराती हिंदू डॉक्टर, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. दोघांच्याही मुलांना नव्या आदेशामुळे बार्न्सने प्रवेश नाकारला होता. शाळेला तो द्यायचा होता. आदेश आड येत होता.

मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महमद करीम चागला आणि न्या. दीक्षित यांच्यापुढे प्रकरण आले. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी, म्हणजे आदेश निघाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत, त्यांनी निकाल दिला आणि सरकारचा आदेश अवैध ठरवला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सरकारची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. समोर फ्रँक अँथनी आणि नानी पालखीवाला होते. अँथनी हे अँग्लो-इंडियन समाजाचे पुढारी आणि घटना समितीचे सदस्य. म्हणजे ज्या तरतुदींवर ते युक्तिवाद करत होते, त्या घडताना ते तेथे हजर होते. पालखीवाला तेव्हा चौतिशीचे वकील होते. त्यांच्या घटनाविषयक कारकिर्दीचा पाया घालणाऱ्या खटल्यांत देवळालीचा हा खटला गणला जातो.

निकाल

निकालपत्र न्या. सुधी रंजन दास यांनी लिहिले. वाद अनुच्छेद २९ च्या दुसऱ्या खंडाभोवती फिरला. शासनाने चालवलेल्या किंवा शासनाच्या निधीतून मदत मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणत्याही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे तो खंड सांगतो.

सरकारचे म्हणणे दुहेरी होते. एक, अनुच्छेदाचा मथळाच अल्पसंख्याकांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा आहे. तेव्हा दुसऱ्या खंडाचा लाभही अल्पसंख्याकांनाच मिळेल, बहुसंख्य समाजातल्या मुलाला नाही. दोन, प्रवेश भाषेच्या कारणावरून नाकारलेला नाही. इंग्रजी माध्यम हळूहळू मागे घेऊन भारतीय भाषांना पुढे आणायचे हा उद्देश आहे, आणि उद्देश चांगला आहे.

न्यायालयाने दोन्ही युक्तिवाद फेटाळले. मथळा काहीही असो, खंडात ‘नागरिक’ असा शब्द आहे. बहुसंख्याकही नागरिक असतात. उद्देश चांगला असेलही, पण प्रवेश नाकारण्याचे प्रत्यक्ष कारण काय, हे पाहायचे. डॉक्टरांच्या मुलाला कशामुळे नाकारले? तो अँग्लो-इंडियन नाही आणि त्याची भाषा इंग्रजी नाही म्हणून. मग तेच कारण. हेतू शुद्ध होता म्हणून कृती घटनेला धरून होत नाही.

संस्थेच्या बाजूनेही न्यायालय बोलले. अनुच्छेद २९ चा पहिला खंड भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. आपल्या संस्थेत आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवणे हे या हक्कांत आपोआप आलेच. त्याशिवाय, ३३७ नुसार इतरांना जागा देण्याचे कर्तव्य ज्या शाळेवर घटनेने घातले आहे, तिला ते कर्तव्य पाळण्यापासून सरकारी आदेश रोखू शकत नाही. आदेश निघाल्यापासून पाच महिन्यांच्या आत हे सगळे निकाली निघाले होते.

मला या निकालात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की एका इवल्याशा अल्पसंख्य समाजाची शाळा वाचवण्यात बहुसंख्य समाजातल्या एका मुलाच्या हक्काचा मोठा वाटा होता. अल्पसंख्याकांचे हक्क आणि सर्व नागरिकांचे हक्क हे एकमेकांच्या ताटातले घास आहेत असे आपण आज सहज धरून चालतो. देवळालीत ते एकमेकांच्या मदतीला आले होते.

तो शब्द कोठून आला?

‘नागरिक’ हा शब्द तेथे होता म्हणून हे घडले. पण घटनेच्या मसुद्यात तो नव्हता. मसुद्यातला २३ वा अनुच्छेद अल्पसंख्य गटातल्या व्यक्तीविरुद्ध शासनाच्या शिक्षणसंस्थेतील प्रवेशात भेदभाव होणार नाही, एवढेच सांगत होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर चर्चा झाली. ८ डिसेंबरला पंडित ठाकुर दास भार्गव यांची दुरुस्ती आली. तिने दोन बदल केले. ‘अल्पसंख्य’च्या जागी ‘नागरिक’ आला आणि शासनाच्या संस्थांबरोबर अनुदानित संस्थाही कक्षेत आल्या. समितीने ही दुरुस्ती स्वीकारली.

यांतला एक जरी बदल झाला नसता, तरी डॉक्टरांच्या मुलाला त्या खंडाचा आधार उरला नसता. तो अल्पसंख्य नव्हता आणि बार्न्स हायस्कूल सरकारी नव्हते. साडेपाच वर्षांनी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेचे भवितव्य या दोन शब्दांवर ठरेल, हे त्या दिवशी दिल्लीत कोणाच्या मनातही आले नसेल.

त्याच चर्चेत आंबेडकरांनी एक खुलासा केला, तो मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. अनुच्छेदाचा पहिला खंड ‘नागरिकांच्या कोणत्याही गटा’ला भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क देतो. तेथे ‘अल्पसंख्य’ हा शब्द का ठेवला नाही? आंबेडकरांचे स्पष्टीकरण असे होते, की अल्पसंख्य म्हणजे केवळ राजकीय अर्थाने ज्यांना आपण तसे म्हणतो ते समाज नव्हेत. मद्रासकडचे लोक मुंबईत येऊन राहिले, तर ते येथे सांस्कृतिक अल्पसंख्य होतात. महाराष्ट्रीय लोक बंगालमध्ये जाऊन राहिले, तर ते तेथे भाषिक अल्पसंख्य होतात.

म्हणजे अल्पसंख्य असणे ही जन्मखूण नाही. गाडी बदलली, राज्याची हद्द ओलांडली, की कोणीही अल्पसंख्य होऊ शकतो. बंद देवळाबाहेर उभे राहिलेल्या माणसांचा नेता हे सांगत होता आणि उदाहरण म्हणून त्याने मराठी माणूस निवडला होता.

त्यानंतर

शब्द दुधारी असतात. ज्या ‘नागरिक’ शब्दाने देवळालीचे दार उघडले, त्याच खंडाच्या आधारे १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास राज्याची जातवार प्रवेशपद्धती रद्द झाली होती, आणि त्यामुळे मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(४) आणावा लागला. कोणताही हक्क एकट्याने न्याय करत नाही, हे तेथे दिसले.

अल्पसंख्याकांच्या शाळेत बाहेरची मुले किती असावीत, हा प्रश्नही पुढे चिघळत गेला. १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकावरील मतात न्या. दास यांनीच, तेव्हा सरन्यायाधीश म्हणून, सांगितले की काही बाहेरचे विद्यार्थी घेतल्याने संस्थेचे अल्पसंख्य स्वरूप जात नाही. सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात न्यायालयाने पन्नास टक्क्यांची मर्यादा आखली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने असा एकच आकडा सर्वत्र लावण्यास नकार दिला आणि अल्पसंख्य कोण, हे राज्य हा घटक धरून ठरेल असे सांगितले. आंबेडकरांच्या उदाहरणाशी हे जुळते. मराठी माणूस महाराष्ट्रात बहुसंख्य, बेळगावात अल्पसंख्य.

बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर हे शब्द आले की आपला आवाज चढतो. राज्य पुनर्रचनेबरोबर १९५६ मध्ये अनुच्छेद ३५०(अ) आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे तो सांगतो. सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी आपण याच तरतुदींकडे बोट दाखवतो आणि ते बरोबरच आहे. मात्र तेच बोट मग मुंबईतल्या गुजराती शाळेकडे, सोलापूरच्या कन्नड शाळेकडे, मालेगावच्या उर्दू शाळेकडेही वळले पाहिजे. बेळगावात जो हक्क आपला, तो सोलापुरात त्यांचा.

मग राज्याने आपल्या भाषेसाठी काहीच करू नये काय? या प्रश्नाचे उत्तर २००४ च्या उषा मेहता खटल्यात आहे. गुजराती भाषिक संस्थांच्या शाळांत मराठी सक्तीची करण्याला तेथे आव्हान दिले होते. न्यायालयाने महाराष्ट्राची बाजू मान्य केली. राज्यात राहणाऱ्या मुलाला राज्याची भाषा शिकवणे हा अल्पसंख्याकांच्या हक्कांवरचा घाला नव्हे. २०२० मध्ये महाराष्ट्राने सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक करणारा कायदा केला.

१९५४ चा आदेश आणि २०२० चा कायदा शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो. पहिला म्हणत होता, या वर्गात अमक्या मुलाने बसायचे नाही. दुसरा म्हणतो, कोणीही बसा, पण मराठी शिका. भाषेचे प्रेम दोन्हींत आहे. एक ते मुलाला दाराशी अडवून दाखवतो, दुसरा आत बोलावून. घटनेला दुसरा मार्ग चालतो.

हिशेब

या गोष्टीत सगळेच जिंकले असे म्हणता येणार नाही. ज्या समाजासाठी ही शाळा होती, त्यातली बरीच कुटुंबे पुढच्या दशकांत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली. रेल्वेच्या वसाहती विरळ झाल्या. आणि इंग्रजी माध्यमाचे जे दार देवळालीत उघडे राहिले, तशी हजारो दारे नंतर गल्लोगल्ली उघडली. त्यांत अल्पसंख्याकांची भाषा जपण्याचा प्रश्नच नव्हता, धंद्याचा होता. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत गेले. मोरारजींच्या सरकारला जी भीती वाटत होती ती खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे औषध मात्र चुकीचे होते. मराठी शाळा चांगली करणे हे कष्टाचे काम आहे. दुसऱ्याच्या शाळेचे दार लावून घेणे एका परिपत्रकाचे.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. २०१४ मध्ये प्रमाती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्य संस्थांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. दुर्बल घटकांतील मुलांना पंचवीस टक्के जागा देण्याची जबाबदारी त्यांच्यावर राहिली नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातल्याच एका शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. अल्पसंख्य दर्जा हा भाषा जपण्यासाठी आहे, की गरीब शेजाऱ्याच्या मुलाला टाळण्यासाठी, हा त्यामागचा प्रश्न. १९५४ मध्ये शाळेला दार उघडे हवे होते आणि सरकार ते लावत होते. आज काही ठिकाणी नेमके उलटे आहे.

अशा वेळी मला अनुच्छेद ३३७ ची ती मुदत संपलेली, कोणाच्या लक्षात नसलेली अट आठवते. तुमची शाळा तुमची, तिची भाषा तुमची, देश पैसाही देईल, पण शंभरातल्या चाळीस जागा शेजाऱ्यासाठी ठेवा. घटनाकारांनी ती दहा वर्षांच्या सोयीसाठी लिहिली होती. बार्न्स हायस्कूल ती पाळत होते, म्हणून सरकारने दार लावले तेव्हा शाळेच्या बाजूने शेजारी न्यायालयात उभा राहिला. शेजाऱ्याचे मूल वर्गात बसत होते, त्यामुळे ती शाळा त्याचीही झाली होती.